पोळ्यात उभी राहिलेली जर्मन मोटार

“दाब ना बे. दाबून काऊन नाही राह्यला?” काका मागच्या गादीवरून ओरडत होते.

“दाबूनच राह्यलो,” मी म्हणालो, आणि ते खरं होतं. माझा उजवा पाय ब्रेकवर असा रुतला होता, की आणखी जोर केला असता तर तो मोटारीच्या तळातून बाहेर निघून जमिनीला टेकला असता, आणि मग कदाचित मोटार थांबलीही असती.

पुढं दोन बैलजोड्या, त्यांच्या पुढं आंब्याच्या पानांचं तोरण, तोरणापलीकडं उतार आणि उताराच्या तळाशी पैनगंगा. मागं गावच्या झाडून साऱ्या जोड्या, शिंगांना बेगड लावलेल्या. आणि मधे आमची जर्मन मोटार. तिला जगात कोणी थांबवू शकत नाही, असं काका तीन महिने सांगत होते. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा खरं ठरत होतं.

पोळ्यात मोटार कशी आली, हे सांगितल्याशिवाय तिला पुढं जाऊ देता येत नाही. तेव्हा तिला तिथंच, उतारावर, धरून ठेवा. मला जमलं नाही, तुम्हाला जमेल.

आमचं गाव देऊळघाटापासून बैलगाडीनं तासाभरावर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठे साहेब नागपुरात बसत आणि आमच्यापर्यंत त्यांचा फक्त दरारा पोचे. जर्मनांशी झालेली पहिली लढाई संपून काही वर्षं झाली होती. कापसानं दोन सालं अशी साथ दिली, की ज्यांना कधी धोतराची दुसरी जोडी माहीत नव्हती तेही खामगावात जाऊन छत्र्या घेऊन आले. काकांना छत्रीत रस नव्हता. खामगावात एका परदेशी कापूस कंपनीचा साहेब आपलं बिऱ्हाड मोडून मायदेशी निघाला होता आणि त्याची मोटार विकायची होती. काकांनी शेत वर्षासाठी बटईनं लावलं, दोन्ही बैलजोड्या विकल्या आणि मोटार घेतली. मी तेव्हा वीस वर्षांचा, मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेला. साहेबाच्या ड्रायव्हरकडं चार दिवस राहून मी मोटार चालवायला शिकलो. चारातले दोन दिवस भोंगा वाजवण्यात गेले.

बोथ्याच्या घाटातून ती आणली तेव्हा रस्त्यावरची माकडं झाडावरून उतरून दोन्ही बाजूंना बसली होती. काही जणांनी हात जोडले होते असं काका सांगत. मी हात जोडलेलं एकच माकड पाहिलं.

साहेबानं मोटारीबरोबर तिच्या कारखान्याचा इतिहासही दिला होता, फुकट. साहेबाची हिंदी आणि काकांची हिंदी मिळून जी भाषा झाली ती जगात त्या दोघांनाच कळत होती. पण काका रोज दिवेलागणीच्या आधी ओट्यावर बसत आणि तो इतिहास अख्ख्या गावाला सांगत. जगातली पहिली मोटार म्हणे याच लोकांनी केली. तीन चाकांची. लोक हसले. तेव्हा त्या कारखानदाराच्या बायकोनं काय केलं, तर नवरा झोपेत असताना दोन पोरं घेतली, मोटार काढली आणि थेट माहेर गाठलं. वाटेत तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर आकड्यानं साफ केली. ब्रेक झिजला तर चांभाराकडून त्याला चामडं ठोकून घेतलं. माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. त्या दिवसापासून लोक हसायचे थांबले आणि मोटारी घ्यायला लागले.

“नवऱ्यानं पाठवली नसन, म्हून गेली असन,” काकू आतून म्हणाली. “मले डोणगावले कधी नेता?” काकूचं माहेर डोणगावचं. काका लगेच इतिहासाच्या पुढच्या भागाकडं वळले.

पुढचा भाग असा, की त्याच देशात दुसराही एक कारखाना होता. दोघांचे मालक एकाच काळातले, एकमेकांपासून फार लांब नाहीत, पण जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आमची मोटार या दुसऱ्या कारखान्याची, असं साहेब म्हणाला होता. किंवा पहिल्या. काका दोन्हींचा मान एकाच मोटारीला देऊन मोकळे झाले. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की त्या दोन्ही कारखान्यांनी पुढं एकच चूल मांडली. म्हणजे काकांनी ते आमच्या ओट्यावर आधीच उरकून घेतलं होतं. त्यांतल्या एका कारखान्यानं आपल्या मोटारीला एका बड्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं नाव दिलं, हेही काकांनी सांगितलं. हे सांगायला नको होतं.

गावात मोटारीचा मान वाढला तो मात्र वेगळ्याच कारणानं. “इंग्रजाले चार वर्षं घाम फोडला त्यायनं,” लोक म्हणत आणि मडगार्डवरून हात फिरवत. तहसीलदार दौऱ्यावर आले तेव्हा ते मोटारीकडं न बघता मोटार बघून गेले.

मग श्रावण संपत आला आणि पोळा जवळ आला.

आमच्या गावात पोळ्याची रांग म्हणजे गावाची वंशावळच. पहिली जोडी पाटलांची, दुसरी पटवाऱ्यांची, तिसरी आमची. पणज्यापासून तिसरी. उसने बैल चालत नाहीत. एका पोळ्याला ज्याच्या घरचं जनावर तोरणाखाली आलं नाही, त्याची जागा मागच्याला जाते आणि परत येत नाही. चौथ्या जागेवर आमचाच एक भाऊबंद होता आणि त्याचे आजे-पणजे तिसरीकडं बघत बघत गेले होते. पोळ्याच्या तीन दिवस आधी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला.

“मंग दादा, यंदा काय उभं करता?”

काकांच्या हातातली सुपारी हातातच राहिली. बैल विकताना हा दिवस त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. ते पाहून मला हसू आलं नाही, आणि मला कशावरही हसू येतं. पणज्यानं उभी केलेली जागा आपल्या हातानं जाते, हे त्यांच्या चेहऱ्यावर एका क्षणात उमटलं आणि दुसऱ्या क्षणाला ते म्हणाले, “मोटार.”

“मोटार?”

“नांगर नाही ओढत, पण आमाले ओढते ना? घरचं जनावर हाये ते.”

प्रकरण पाटलांकडं गेलं. पाटील कमी बोलणारे होते. वर्षभरात त्यांनी उच्चारलेले शब्द एका पाटीवर मावले असते. भाऊबंदानं मुद्दा काढला, “पाटील, मोटारीले पोरीचं नाव हाये, दादाच सांगून राह्यले होते. पोळ्यात गाई उभ्या राह्यतेत काय?”

“तुह्या बैलाचं नाव मोती हाये,” काका म्हणाले. “गळ्यात घालून फिरतं काय त्याले?”

पाटलांनी दोघांकडं पाहिलं आणि म्हणाले, “उभी करा. पाहू.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सोलवटलेला असतो, त्याला तूप आणि हळद चोळायची, गरम पळसाच्या पानांनी शेकायचं, आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. काकूनं तूप-हळद कालवून आणली आणि आरतीचं ताट घेऊन मोटारीपुढं उभी राहिली. प्रश्न असा आला, की मोटारीचा खांदा कोणता?

मी म्हणालो, मडगार्ड. काका म्हणाले, पुढचा दिवा आहे त्याच्या बाजूला. आमचा म्हातारा सालदार, ज्यानं काकांच्या वडलांचे बैल सांभाळले होते, तो खाली वाकून मोटारीभोवती एक फेरी मारून आला.

“वजन कोठी येते?” त्यानं मला विचारलं.

“चाकाच्या दांड्यावर.”

“मंग तोच खांदा.”

ते बरोबरच होतं. तो मागच्या चाकांखाली आडवा झाला आणि जिथं जिथं त्याचा हात पोचला तिथं तिथं त्यानं तूप-हळद चोळली. दांड्याला, चाकाच्या आतल्या पिंपाला, आणि त्या पिंपाला आवळून धरणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यालाही. चामडं पाहून त्याला जास्तच माया आली. “कोरडं पडलं बापा,” म्हणत त्यानं एक गडवा तूप त्यात जिरवलं. मला माहीत होतं तो पट्टा कशाचा आहे. चार दिवसांच्या शिक्षणातले दोन दिवस मी लक्ष दिलं होतं. पण तो म्हातारा इतक्या मनापासून चोळत होता, आणि काकू आवतन देत होती, आणि खरं सांगायचं तर मोटार त्या वेळी इतकी समाधानी दिसत होती, की मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी मोटारीला झूल घातली, दिव्यांना गोंडे बांधले, मडगार्डाला गेरूचे ठिपके दिले. पुरणपोळीचा नैवेद्य इंजिनावरच्या टोपावर ठेवला, तो उन्हानं आणि इंजिनानं असा खरपूस झाला, की पुढं महिनाभर काकूच्या पोळ्यांना त्याच्यावरून नावं ठेवली गेली. दिवस कलताना आम्ही तिसऱ्या जागेवर उभे राहिलो. पुढं पटवाऱ्यांची जोडी, त्यापुढं पाटलांची. पंचक्रोशीतून लोक आले होते. बुलढाण्याहून वकील आले होते. वरवट बकालहून एक माणूस बैलांना ओळखतो तसा मोटारींना ओळखतो म्हणून आला होता आणि त्यानं मोटारीचे दात बघायला मागितले.

सालदारानं चाकांपुढं दगड लावले होते. काकांनी ते पाहिलं.

“काढ ते.”

“मालक, उतार हाये.”

“जर्मन मोटार हाये. इकडं साऱ्याइच्या पुढं दगड लावून उभी करू काय तिले? बैलाच्या पायाशी लावते काय कोणी?”

सालदारानं दगड काढले. मी ब्रेक दाबून बसलो. इंजिन चालूच ठेवायचं असा काकांचा हुकूम होता, कारण बैल श्वास घेतात तर मोटारीनंही घ्यावा. झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकी कवनं, सुरू झाल्या. ज्याच्या त्याच्या तोंडून बैलांचं कौतुक उसळत होतं आणि दर झडतीला अख्खं गाव महादेवाचा गजर करत होतं. काकांनीही उभं राहून आपली म्हटली, रात्र जागून केलेली:

जर्मन देशची काळी घोडी,
पेट्रोल पिते थोडी थोडी,
चारा सोडी, वैरण सोडी,
एकटी ओढते दहाची गाडी.

गजर असा उठला, की नदीपलीकडचे बगळे उडाले. त्या गजरानं की इंजिनाच्या थरथरीनं, ते मला आजवर कळलं नाही, पण माझ्या पायाखाली काहीतरी मऊ झालं. ब्रेकच्या चामड्यातलं तूप तापलं होतं. मोटार एक बोटभर सरकली. मग वीतभर. मग तिला कळलं की आपल्याला कोणी धरलेलं नाही.

तुम्ही तिला जिथं धरून ठेवलं होतं ती जागा हीच. आता सोडा.

मी भोंगा दाबला. पटवाऱ्यांची जोडी डावीकडं उडाली, पटवारी उजवीकडं. पाटलांची जोडी वळून बघायला लागली आणि पाटलांनी एका हातानं दोन्ही कासरे ओढून ती बाजूला घेतली, एकही शब्द न उच्चारता. तोरण आमच्या तोंडावर आलं, माझ्या डोक्यात अडकलं आणि आमच्याबरोबर निघालं. तोरणाखालून पहिलं जाऊन पोळा पाटलांनी फोडायचा असतो. त्या वर्षी तो आम्ही फोडला, आंब्याच्या पानांचा मुकुट घालून. मागं पाहिलं तर साऱ्या जोड्या सुटल्या होत्या, बेगड उडत होतं, वकील झाडावर होते आणि आमचा सालदार मोटारीमागं धावत तिला हो हो करत होता, जसं बैलाला करतात.

सकाळी जिथं बैल धुतात, तिथंच आम्ही पैनगंगेत शिरलो. पाणी दोन्ही बाजूंना असं उसळलं, की काही मासे काठावरच्या लोकांच्या हातात गेले. मग गाळानं चाकं धरली आणि मोटार थांबली. पाणी टोपाच्या कडेला लागलेलं, आणि आत इंजिन चालूच. टक टक टक. साऱ्या गावानं ते ऐकलं. काका पाण्यात उभे राहून म्हणाले, “पाह्यलं? बंद नाही पडली.”

मग भाऊबंद म्हणाला, “काढणार कशी?”

आणि तेव्हा सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कोणी काही ठेवत नाही. गावात शेकडो बैल, आणि एकालाही जुंपता येत नव्हतं. नदीला वरून पाणी आलं तर मोटार सकाळी देऊळघाटाच्या खाली सापडली असती. काकांचा सगळा आवाज उतरला. ओल्या झुलीला धरून ते नुसते उभे राहिले.

पाटील खाली आले. त्यांनी आपल्या जोडीचे कासरे सोडले, एकमेकांना बांधले, मोटारीच्या दांड्याला अडकवले आणि दुसरं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. मग पटवारी आले. मग भाऊबंद आला, तोंडानं काहीतरी बोलत, पण आला. मग सारं गाव. बैल काठावर बसून रवंथ करत होते आणि माणसं जुंपलेली होती. सालदार हाकत होता, आणि एवढी मोठी जोडी त्याच्या हातात जन्मात आली नव्हती. मोटार बाहेर आली तेव्हा चिखलानं भरलेली, गोंडे गळालेली आणि अजून टकटकत होती.

काकांनी पाटलांपुढं हात जोडले. “पाटील, तुमच्याआधी तोरणाखालून गेलो. चुकलं. पण आमची जागा?”

पाटलांनी खांद्यावरचा वळ चोळला.

“जागा कोठी जाते,” ते म्हणाले. “पुढल्या साली बैल आणजा.”