मनगटाकडे ध्यान दे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, अक्काजवळ तर नाहीच — तिच्याच लेकीचं आहे हे. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून बोलवतंय की काय, कोण जाणे. माझ्या बोलण्यावर माझाच आता फारसा विश्वास नाही, तेव्हा तुम्हीही जरा जपूनच ऐका.

मी पुण्यात गोल्फच्या एका मैदानावर बरीच वर्षं होतो. आधी गवत कापायला, मग तिथल्या मास्तरांच्या हाताखाली नवशिक्यांना शिकवायला. खेळाडू व्हायचं होतं, झालो नाही. काठी चेंडूला लागायच्या आधीच माझी मान वर व्हायची — चेंडू कुठं गेला ते बघायची घाई. दुसऱ्यांची ही खोड मी मोडायचो, स्वतःची काही गेली नाही. वडील आजारी पडले तेव्हा काही जुन्या काठ्या घेऊन आमच्या गावी, गोरेगावला परत आलो.

गावात सगळ्यांनाच संशय. सोयाबीन निघालेल्या रानात मी चेंडू मारून पावलं टाकत जातोय म्हटल्यावर भावकीला वाटलं, वाटणीची मोजणी चालू आहे. चुलते बांधावर येऊन उभे राहायचे. मी त्यांना हसायचो. तेव्हा हसू येत होतं.

वैशू, माझी भाची, शिकायला आमच्याकडे होती. अक्काचं घर जवळा बाजारला. एक दिवस तिनं काठी मागितली आणि मी दिली. मग खरंच मन लावून शिकवलं — एवढं तरी खरं आहे. मास्तरांचीच पद्धत. एका दिवशी एकच गोष्ट. आधी जवळून घमेल्यात चेंडू टाकायचा, ते जमल्याशिवाय लांबचा फटका नाही. प्रत्येक वेळी सगळं त्याच क्रमानं — मागं उभं राहून बघणं, श्वास, पाय, मग काठी. दमलं की थांबायचं, दमलेल्या हातांत चुकाच पक्क्या होतात. आणि चाचणी जवळ आली की नवीन काही सांगायचं नाही, अवाक्षरही नाही. जे अंगात मुरलंय त्याच्याकडे बघायला लावलं की ते बिघडतं, हे मास्तरांनी मला पढवलं होतं.

पोरगी पुढं गेली. फार लवकर गेली. तिचा चेंडू सरळ जायला लागला आणि मला आनंद व्हायच्या आधी प्रश्न पडला — हे मी शिकवलं का? काठी वर नेली की ती क्षणभर थांबायची. ते माझं नव्हतं. मग कुणाचं? विचारलं तर म्हणाली, “असंच येऊन राहिलं, मामा.” असंच कुणाला येतं का? मला वाटलं, मोबाइलवर पुण्याचा कुणीतरी शिकवणारा गाठलाय हिनं, आणि मी आपला चेंडू वेचायला. ती हसली तरी वाटायचं, कशाला हसली?

ती अंघोळीला गेली असताना मी तिचा मोबाइल उघडला. त्याला कुलूपही नव्हतं.

त्यात कुणीच नव्हतं. व्हिडिओ होते, सगळे माझेच. मी मारत असताना बांधावरून काढलेले, सावकाश करून ठेवलेले. माझ्या फटक्यातलं चांगलं ते तिनं उचललं होतं आणि मान वर होते तेवढं नेमकं सोडलं होतं. वर थांबायची ती त्यासाठीच, घाई होऊ नये म्हणून. म्हणजे माझी चूक तिला दिसली होती. आणि मामाला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प होती.

आता बघा — संशय होता म्हणून केलं, असं म्हणायची सोय होती. पण संशय तर फिटला होता.

तिची बारावी झाली आणि पुण्यात निवड चाचणी आली. निवड झाली असती तर राहणं, शिक्षण, सराव सगळं तिथंच. अक्काकडे तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं, ते थांबलं असतं. माझ्या भरवशावर अक्कानं तिला पाठवलं.

नंबर यायला थोडा वेळ होता. आम्ही लिंबाखाली बसलो होतो. ती शांत होती. मला तिचं ते शांत बसणं बघवलं नाही. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, “वैशे, काठी वर नेल्यावर तुझं उजवं मनगट किती वाकतं गं?”

“काहून मामा? चुकून राहिलं का काही?”

“न्हाई न्हाई. जरा ध्यान दे, बस.”

एवढंच. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, मामाला किती काळजी! पण काय होणार ते मला ठाऊक होतं. जे करू नका म्हणून इतकी वर्षं शिकवलं, ते मला करता येणार नाही का? ती उभी राहिली, काठी वर नेली आणि तिची नजर मनगटाकडे गेली. पहिला चेंडू झाडीत. पुढचा जमिनीवरूनच घरंगळला. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, मदतीसाठी. मी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर ती अक्काला म्हणाली, “मामानं शेवटपर्यंत सांगितलं, मलाच जमलं न्हाई.” अक्कानं मला आग्रह करून जेवू घातलं. मी जेवलो. पुढच्या उन्हाळ्यात वैशूचं लग्न झालं.

मी आता सेनगावात एका शाळेत खेळ शिकवतो. पालकांना सांगतो, स्पर्धेआधी लेकराला काही सांगत बसू नका. लोक म्हणतात, सरांना बराबर कळतं. असं कुणी म्हटलं की मी त्याचा चेहरा निरखत राहतो. याला कुठून कळलं तर नसेल?

या दिवाळीत वैशू आली होती, लेक कडेवर. लेकीला खाली बसवून तिला दाखवायचं म्हणून वैशूनं काठी उचलली, वर नेली — आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ. मग हसून खाली ठेवली. “मामा, हातच खाली येत न्हाई आता.”

“सराव सुटला की असंच होतं,” मी म्हणालो.

तिला ते पटलं. लेकीला माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, “मोठी झाली की हिला तुमीच शिकवा.”

मी हो म्हणालो.