ओल्या रंगातल्या सासूबाई

ती चित्रकारीण, घानाहून आली होती. मुंबईतल्या एका कलाशाळेने तिला आमच्याकडची भिंतीवरची वारली चित्रं बघायला पाठवलं होतं. पाड्यांवर संडासाची सोय नव्हती, म्हणून ती मोखाड्यात आमच्या मागच्या खोलीत राहिली. दोन हजार सालाच्या पुढेमागची गोष्ट. मी तेव्हा कचेरीत कारकून होते, इंग्रजी कामापुरतं यायचं, त्यामुळे दुभाषाचं कामही माझ्याकडेच आलं.

भिंतीवरची चित्रं तिला आवडली. पण त्यांतल्या माणसांना नाकडोळे नसतात, आणि हिचं सगळं आयुष्य चेहऱ्यांत गेलेलं. तिचे वडील न्हाव्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चेहरे ते काढत, मागचा रंग ही भरायची. मोठी झाल्यावर तिने पाट्यांचं सगळं सोडलं, फक्त चेहरा आधी आणि बाकीचं मागून ही सवय ठेवली. तिच्या चित्रात एकच माणूस असे, थेट आपल्याकडे बघणारा, ओठ मिटलेला. मागे सपाट रंग. काळ्या रंगाची नळी तिच्या पेटीत नव्हतीच. काळी कातडी ती निळा, किरमिजी आणि हिरवा मिसळून करायची, आणि ती हात लावावासा वाटावा इतकी खरी दिसायची.

"पाटीवरचा माणूस दात दाखवतो, कारण त्याला काहीतरी विकायचं असतं," ती म्हणायची. "माझी माणसं काही विकत नाहीत."

मुंबईत तिचं प्रदर्शन ठरलं होतं आणि त्यात तिला इथला एक चेहरा हवाच होता. तिने सासूबाईंना निवडलं. का, ते मला कळलं नाही. त्या वेळी सासूबाई नागलीची भाकरी थापत होत्या आणि चपला चुलीपर्यंत आणल्या म्हणून तिच्यावरच ओरडत होत्या.

सासूबाई बसल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी दोघी अखंड बोलत. सासूबाईंनी "बाय, मान दुखली गो," म्हटलं की ती चहा ठेवायला उठे. तेवढी भाषा पुरली.

चेहरा पूर्ण झाला. तेलाचा रंग, लवकर वाळत नाही. तिने चित्र ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलं. ओल्या रंगावर माश्या बसायला लागल्या, म्हणून आमच्या देवघरातल्या उदबत्त्या घेऊन तिने समोर लावल्या आणि आंघोळीला गेली.

नेमकी तेव्हाच सासूबाईंची धाकटी बहीण खोडाळ्याहून आली.

मी कचेरीत होते. शिपाई धावत आला. "बाई, तुम्ही इथं काय करताय? तुमच्या घरी रडारड चाललीय!"

घरी पोचले तर ओटीवर बायका जमलेल्या आणि मावशी छाती बडवतायत. "मला न सांगता गेलीस गं! परवाच्या बाजाराला तर बोलली होतीस!" तेवढ्यात गिरणीतून दळण घेऊन सासूबाई आल्या. बहीण रडतेय म्हणजे भाऊच गेला, असं समजून त्यांनी डबा खाली ठेवला आणि बहिणीच्या गळ्यात पडून स्वतःही मोठ्याने रडायला लागल्या. मावशींना आपल्या गळ्यात कोण पडलंय ते कळायला जरा वेळ गेला. कळलं तेव्हा त्या किंचाळल्या.

सासरे भडकले. "जिवंत बाईचं एकटीचं तोंड भिंतीला लावतात का कुठं? पुसून टाका ते!"

चित्रकारीण केस पुसत उभी. कशावरून चाललंय ते मी सांगितलं, तशी तिचा चेहराच उतरला. दुसरं चित्र करायला वेळ नव्हता. हात, लुगडं, सगळंच बाकी होतं.

सासूबाई चित्रासमोर बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तिला सांग, हिला बोलती कर. मेलेली माणसं फोटोत तोंड मिटून असतात. मी कधी मिटलं होतं?"

"तेवढं खरंय," सासरे म्हणाले.

मी सांगितलं. ती नाही म्हणाली. दात दाखवणारा चेहरा ती काढणार नव्हती, त्यासाठी तर तिने बापाचा धंदा सोडला होता. मी तेही सासूबाईंना सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जागी बसल्या आणि बोलत सुटल्या. मावशींबद्दल, गिरणीवाल्याबद्दल, सासऱ्यांच्या घोरण्याबद्दल. ती चित्रातले हात रंगवायला बसलेली, पण ब्रश काही हलेना. शेवटी तिने रंग खरवडायचं पातं घेतलं आणि चित्रातले मिटलेले ओठ खरवडून काढले.

मिश्रीने काळे पडलेले दात तिने निळ्या-किरमिजीतून केले. पडलेल्या दाताची फट ठेवली. ते हसणं नव्हतं. वाक्य अर्ध्यात होतं. ती मागे सरली, बघितलं, आणि स्वतःशीच तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

लुगडं पूर्ण झालं, पण तोंडावर तिचा हात शेवटपर्यंत फिरत राहिला. निघायच्या सकाळी सासरे म्हणाले, कसारा स्टेशनपर्यंत मी येतो, तिला एकटीला ओलं चित्र सांभाळता येणार नाही. जीपमध्ये मधल्या सीटवर मांडीवर चित्र उभं धरून ते बसले.

शेजारच्या माणसाने टोपी काढली. "बाबा, कोण वारलं?"

"वारली नाही," सासरे म्हणाले. "दिसत नाही का, बोलतेय ती?"

मग त्यांनी ड्रायव्हरला जीप हळू घ्यायला सांगितली. ओठ अजून ओले होते.