देवळात बसवलेला डोळ्याचा दाक्तर

बायांनो, फळ्यावर लिहून राह्यली. वाचता येते तिनं बाकीच्यांले सांगा.

आज आपल्या कामरगावच्या देवळात डोळ्याचा दाक्तर बसला होता. सावली पाहून जागा मीच सांगितली होती.

माहे डोळे दाखवून बाहेर आली, तं सखू सुईण पायरीखाली उन्हात उभी. तिले आता मानूस ओळखू येत नाही, अन् तिच्या जातीले देवळात मनाई.

"बाई, दाक्तर देवाचेबी डोळे पाहून राह्यला काय? लय वेळ लावला!" म्हनून हासली.

म्या एक हाक मारली असती, तं दाक्तर खाली आला असता. लोक काय म्हनतीन म्हनून गप बसली. दाक्तराची बैलाची दमणी निघून गेली.

माही लेकरं सखूच्याच हातावर झाली. तवा तिचं घरात येनं चाललं.

पुढच्या खेपेले दाक्तराले बाजारातल्या लिंबाखाली बसवा, असं मी पाटलाले सांगाले जातो. संगं कोन येते?