बसच्या लेनमधली ती सकाळ

आमच्या ह्यांच्यासारखा नियमाचा माणूस अख्ख्या इंदूरमध्ये सापडायचा नाही. छत्रीबागेतून निघताना हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लावल्याशिवाय मोटरसायकल सुरू करायचे नाहीत. बसच्या लेनमध्ये तर कधीच शिरले नाहीत. लेनची रेलिंग जिथे तुटली होती तिथून निम्मं गाव आत घुसायचं, आणि आम्ही आपले बाहेर ऑटोच्या धुरात उभे! मी मागे बसून चिडायची. "अहो, लेन रिकामी पडलीय." तर म्हणायचे, "ती बसची आहे."

मी शाळेत शिकवते. आमच्याकडे अंगठा लावायचं मशीन आहे, त्याला कुणाची दया येत नाही. उशीर झाला की अर्धी सुट्टी कापली. त्या सकाळी मला उशीर होत होता आणि हे पट्ट्याशी खटपट करत बसलेले. मी वसकन ओरडले, "राहू द्या हो तो पट्टा! देर होतेय. चौकातला पोलीस डोकं बघतो, हनुवटी नाही. सगळं इंदूर असंच फिरतं." त्यांनी पट्टा तसाच सोडला. पुढे सिग्नलची गर्दी बघून मी त्यांच्या पाठीवर थापच मारली. "घाला आत. आज एक दिवस घाला."

आणि त्यांनी घातली.

मागून बस आली. बसवाल्याची काडीची चूक नव्हती. त्याने हॉर्न दिला, ब्रेकही वेळेवर मारला. पण ह्यांना त्या लेनची सवय कुठे होती? दचकले, आणि हँडल रेलिंगला घासलं. माझा पाय मोडला. त्यांचं हेल्मेट लांब जाऊन पडलं आणि डोकं खांबावर आपटलं.

जीव वाचला, देवाची कृपा. पण ती सकाळ त्यांच्या डोक्यातून साफ पुसली गेली, आणि आता नवीन काही तिथे टिकत नाही. जेवले का, तेसुद्धा विसरतात. भेटायला येणाऱ्यांनी मात्र महिनोन्महिने एकच विचारलं, "भिया, तुम्ही तर असे नव्हते, लेनमध्ये शिरलात कशाला?" तेवढं पक्कं बसलं. मी लंगडत चहा आणला की माझ्या पायाकडे बघतात आणि त्यांचे डोळे भरतात. "माझ्यामुळे झालं गं. मीच घातली गाडी." एरवी माझं तोंड कुणाला ऐकत नाही, पण तेव्हा मी नुसतं "जाऊ द्या" म्हणायची. लाज वाटते सांगायला.

एका रविवारी अगदी राहवेना. दुपारची जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. पट्टा, थाप, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग माझा हात धरून म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. मी असा कसा वागलो, हेच मला उमगत नव्हतं." दोघंही खूप रडलो. मग ते आडवे झाले आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. मलाही छाती हलकी वाटली.

संध्याकाळी उठले. मी स्वयंपाकघरातून आले तशी त्यांची नजर माझ्या पायावर गेली.

"माझ्यामुळे झालं गं," ते म्हणाले.

पुन्हा सांगायची हिंमत मला झाली नाही. आजपर्यंत झालेली नाही.