वहिनींचा झगा

शकूवहिनी कापडाला तोंड लावून फुंकर मारायच्या. दुकान कितीही मोठं असो, माणसं कितीही बघत असोत. कापडाची एक घडी उलगडायची, ओठांशी धरायची, मागे तळहात ठेवायचा आणि फू करायचं. फुंकर तळहाताला लागली तर कापड पास. नाही लागली, तर दुकानदारानं कितीही गुणगान केलं तरी त्या घडी मिटून म्हणायच्या, "जिथून माही फुंकर जात नाई, तिथून अकोल्याचा वारा काय जाईन?"

त्या माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या पत्नी. अकोल्याचं आमचं घर शेतीवाल्यांचं. घरात माणसांची ये-जा भरपूर, आणि मे महिन्यात स्वयंपाकघरात उभं राहणं म्हणजे शिक्षा. वहिनी पस्तीस वर्षं तिथं उभ्या होत्या. नायलॉनच्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन. उन्हाळाभर पाठीवर, मानेवर घामोळ्या. त्या बोलायच्या नाहीत, फक्त भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासायच्या आणि कोणी पाहिलं तर हसायच्या. आमच्याकडे लग्नाचा बस्ता असला की सगळ्यांना वहिनी हव्या असत. सगळ्यांचे कपडे त्यांनी फुंकून निवडले. स्वतःसाठी मात्र जे आहेरात आलं तेच नेसल्या.

मी अमरावतीची, म्हणजे लग्नानंतरची. नवरा प्राध्यापक, मी शाळेत शिक्षिका. माझ्या केतकीला धामणगावचं स्थळ सांगून आलं त्या उन्हाळ्यात मंडळी मुलगी बघायला येण्याच्या आठवडाभर आधीच वहिनी मदतीला म्हणून येऊन राहिल्या. पहिल्याच दिवशी मी त्यांची पाठ पाहिली आणि संध्याकाळी हाताला धरून त्यांना कपड्याच्या दुकानात नेलं. हे मुद्दाम लिहिते आहे. नेलं मी. त्या नको म्हणत होत्या. "आता या वयात कोण काय म्हणते, घ्या," असं मीच म्हणाले. दुकानात मी फार आधुनिक होते.

तिथली मुलगी म्हणाली, "हे सनड्रेस आहेत काकू." सन म्हणजे ऊन, हे वहिनींना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "मंग उन्हाचाच दे माय. आपल्याकडे दुसरं हाय काय?" आणि निवडायला बसल्या. मी इतक्या आनंदानं निवडणारा माणूस पुन्हा पाहिला नाही. बारीक पट्ट्यांचा एक होता, तो त्यांनी बाजूला सारला. खांद्यावरून उतरणाऱ्या पट्ट्या उचलता उचलता जन्म जायचा, त्यापेक्षा पदर काय वाईट. पाठीमागे चेन असलेला पाहून म्हणाल्या, याच्यासाठी घरात नवरा पाह्यजे, आन् तो कामाच्या वेळी कवा सापडते. अस्तर लावलेला म्हणजे उन्हाळ्यातली रजई. पांढरा दारापाशी नेऊन उजेडात धरला, आत हात घालून बोटं दिसतात का पाहिलं, आणि परत दिला.

शेवटी एक सापडला. कैरीच्या रंगाचा, बारीक पानांचा, रुंद खांद्याचा, बिनबाह्यांचा, पोटऱ्यांपर्यंत येणारा, समोर बटणं आणि दोन्हीकडे खिसे. फुंकर पार गेली. तो घालून त्या दुकानातच मांडी घालून बसल्या, उठल्या, वाकल्या, वरच्या फळीवरून डबा काढल्यासारखे दोन्ही हात वर केले. मग खिशात हात घालून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "मंदाताई, कपडा असा पाह्यजे का घातला आन् इसरून गेलं. साडी मले एक मिनिट इसरू देत नाई."

त्याला त्या झगाच म्हणायच्या. रोज रात्री धुवायच्या, सकाळी पुन्हा घालायच्या. झग्यात तळ्यावर फिरायला गेल्या, भाजीबाजारात गेल्या, वरच्या मजल्यावरच्या बारशाला गेल्या. पहिले दोन दिवस ओढणी घेतली, तिसऱ्या दिवशी ती खुंटीवरच राहिली. घामोळ्या बसल्या. एकदा गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, लग्न झाल्यापासून पायाले वारा लागला नव्हता.

आता माझं सांगते.

धामणगावच्या मंडळींशी फोनवर बोलताना मी माहेराची बढाई मारली होती. काळी जमीन, जुनं घराणं, इथपर्यंत ठीक. पण त्या बाई, म्हणजे माझ्या आजच्या विहीणबाई, रीतीभातीबद्दल विचारू लागल्या तेव्हा मी म्हणाले की, माझी वहिनी अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. त्यांना ते आवडलं. मलाही माझं बोलणं आवडलं.

मंडळी संध्याकाळी पाचला येणार होती. दुपारी वहिनींनी विचारलं, साडी नेसून घेऊ का. मी म्हणाले, वेळ आहे, आधी पाटवड्या होऊ द्या. मंडळी गाडी करून निघाली आणि चारच्या आधीच दारात उभी राहिली. बेल वाजली. मी केतकीची साडी नीट करत होते. दार वहिनींनी उघडलं. झग्यात, हाताला बेसन, कपाळावर घाम.

मी बाहेर आले तेव्हा विहीणबाई त्यांच्या उघड्या दंडांकडे, पोटऱ्यांकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ह्या कोण?"

मला एवढंच म्हणायचं होतं, माझी वहिनी. दोन शब्द. त्याऐवजी तोंडातून आलं, "ह्या स्वयंपाकाला येतात."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मान खाली घालून म्हणाल्या, "मॅडम, पाणी आणू का?"

त्यांनी पाणी आणलं. पोहे आणले, चहा आणला, पाटवडीचा रस्सा वाढला, उष्टी ताटं उचलली. सगळ्यांदेखत मला दोनदा मॅडम म्हणाल्या. केतकी समोर बसली होती, तिचे कान लाल झाले होते. ती काही बोलेल म्हणून मी तिच्याकडे डोळे वटारले. विहीणबाईंनी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि म्हणाल्या, बाईचा हात चांगला आहे, सोडू नका. लग्न तिथंच ठरलं.

मंडळी गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी साडी नेसून ओट्याशी उभ्या राहून जेवत होत्या. मी काहीतरी बोलू लागले, गडबडीत निघून गेलं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. ताट धुतलं. मग म्हणाल्या, "पोरीचं जमलं, चांगलं झालं. आता लग्नात मी कोणत्या नात्यानं येऊ, तेवढं सांगून ठेवा."

मी उरलेला रस्सा डब्यात काढत राहिले. सकाळच्या बसनं त्या अकोल्याला गेल्या.

लग्नात नवरीची पिवळी साडी मामाकडची असते. ती मामी निवडते. मी पत्रिका द्यायला अकोल्याला गेले, दादाच्या हातात अक्षता दिल्या, वहिनींना कुंकू लावलं. "या" म्हणाले नाही. वहिनींनी माझी ओटी भरली. तोंडभर बोलल्या ते मुलीच्या कपड्यांबद्दल.

लग्नाच्या दिवशी दादा एकटा आला, पिवळी साडी घेऊन. म्हणाला, शकूले ताप हाय. खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. दिवसभर मी दाराकडे बघत होते ते त्या येतील या आशेनं नाही, या भीतीनं. विहीणबाईंनी साडीचा पोत बोटांनी पाहिला आणि विचारलं, कोणी निवडली. मी म्हणाले, माझ्या वहिनीनं, तापामुळे तिला येता आलं नाही. या खेपेला ते दोन शब्द किती सहज आले. मामानं केतकीला मांडवात आणलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही ती माझ्याशी बोलते ते कामापुरतं.

त्यानंतर वहिनी दोनदा आल्या आमच्याकडे, दोन्ही वेळा साडीत. पंखा मोठा करू का म्हटलं तर राहू द्या म्हणायच्या, आणि संध्याकाळच्या बसनं परत. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेतच.

तेरवीला विहीणबाई अकोल्याला आल्या. फोटोला हार घातला होता. फोटोत वहिनी साडीत, डोक्यावर पदर. विहीणबाईंनी हात जोडले, बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "किती सोज्वळ चेहरा. आमची भेट राहूनच गेली." मी म्हणाले, "हो ना."

निघताना दादानं माझ्या हातात पिशवी दिली. आत झगा होता, धुऊन धुऊन कैरीचा रंग पार उडालेला. दादा सांगत होता, "बँकेत हाच, दवाखान्यात हाच, वावरात हाच. मी म्हणो, अवं दुसरा घे, तर म्हणे याच्यात जीव थंड राह्यते. फक्त तुह्याकडे यायचं असलं का साडी काढे. काहून, ते काई सांगितलं नाई तिनं."

तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात विहीणबाईंचा फोन आला. केतकीच्या मुलाचं बारसं धामणगावला करायचं आहे. म्हणाल्या, तुमच्याकडच्या त्या बाई मिळतील का हो पाटवड्यांसाठी, दोन दिवस ठेवून घेऊ, मानानं पाठवू. मी खुर्चीवर बसले. म्हणाले, "त्या कामाच्या बाई नव्हत्या. ती माझी वहिनी होती. तेरवीला हार घातलेला फोटो तुम्ही पाहिलात, ती."

मग त्या म्हणाल्या, "पण त्या दिवशीच्या कपड्यापायी? अहो, मी बी घरी तसलाच घालते उन्हाळ्यात." आणि मग, हळू, "म्हणजे लग्नात ताप नव्हता त्यांना?"

मी म्हणाले, "नव्हता. मी त्यांना या म्हटलंच नव्हतं."