निकमांची मोटरसायकल आणि वहिनींचा चहा

जुनी मोटरसायकल एकाची असते, पण तिचे किस्से सगळ्या बिल्डिंगचे होतात. नोएडातली आमची सोसायटी तेव्हा नवीकोरी. रस्ते अर्धवट, झाडं नाहीत, दुकानांच्या नावानं एक दुधाचं बूथ. रविवारी करायचं काय? तर खाली उतरून सुभेदार निकमांची मोटरसायकल का बंद पडते, यावर चर्चा करायची! दिल्ली सोडून वर्षं झाली, तरी चार जुनी माणसं भेटली की विषय तिच्यावरच येतो.

*

निकम मूळचे साताऱ्याकडचे. आर्मीतून रिटायर होऊन कस्तुरबा गांधी मार्गावर एका ऑफिसात सिक्युरिटीला लागले होते. मोटरसायकल आर्मीच्या लिलावातली, इंग्लिश, निकमांपेक्षा थोडीच लहान. पळताना झकास. पण थांबली की मेली! जागेवर चालू राहणं तिला ठाऊकच नव्हतं.

त्यामुळे निकम थांबतच नसत. एकदा आमच्याच सोसायटीतले सेक्शन ऑफिसर पाटणकर त्यांच्या मागे बसून घरी निघाले. इंडिया गेटच्या गोल चक्करला आले, तर वळायच्या रस्त्यावर लाल दिवा. निकमांनी सरळ आणखी एक चक्कर मारली. पुन्हा लाल. पुन्हा चक्कर! निकम ताठ बसलेले, मागे पाटणकर डबा छातीशी धरून.

तिसऱ्या फेरीला ट्रॅफिक हवालदारानं कडक सॅल्यूट ठोकला. जानेवारी होता, त्याला वाटलं परेडची रिहर्सल चाललीय!

*

पाटणकरांनी मग हा विषय स्वतःच्या अंगावर घेतला. लायब्ररीतून पुस्तक आणलं. "निकम, आधी स्पार्क आहे की नाही ते बघू. स्टेप बाय स्टेप."

प्लग काढला, वायरला जोडला आणि पाटणकरांनी तो दोन बोटांत धरला. हो, बोटांत! मी "अहो" म्हणेपर्यंत निकमांनी किक मारली होती.

रोज संध्या करणाऱ्या, ऑफिसात चपराश्यालासुद्धा 'आप' म्हणणाऱ्या पाटणकरांच्या तोंडून जी पंजाबी शिवी निघाली, ती आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरलाही येत नव्हती. पाटणकर जमिनीवर बसलेले, केस उभे.

"आहे," ते म्हणाले. "स्पार्क आहे."

*

स्पार्क होता, पण वेळेवर पडत नव्हता. निकमांनी अंदाजानं टायमिंग पुढे सरकवलं. जरा जास्तच! किक मारली, तशी किकनं त्यांनाच उलटी लाथ मारली. चप्पल पायातून सुटली ती थेट दुसऱ्या मजल्यावर, निकमवहिनींच्या वाळत घातलेल्या पापडांत.

वहिनी म्हणजे सोसायटीचा दरारा. भजनी मंडळ त्यांचं, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. लग्न झाल्या झाल्या त्यांनी निकमांची बिडी सोडवली होती. जिन्यात 'धूम्रपान मना है' ही पाटी त्यांनीच लावली होती. सख्खा भाऊ पानिपतहून आला, त्यानं गॅलरीत सिगरेट पेटवली, तर त्याला गेटबाहेर उभं केलं!

त्या चप्पल घेऊन खाली आल्या. "अहो, मुलाची मारुती येतेय. पार्किंग एकच आहे. रविवारी कबाडीवाला येईल, हिला भंगारात घेऊन जायला."

निकमांचा चेहरा पडला. लग्नानंतर नवी दिल्ली स्टेशनवरून वहिनींना त्यांनी ह्याच मोटरसायकलवर घरी आणलं होतं. मलाही फार वाईट वाटलं. वहिनींनाही काहीतरी वाटलं असावं. जाता जाता म्हणाल्या, "माझा एक चहा पिऊन होईपर्यंत ही जागेवर चालू राहिली, तर ठेवा. नाहीतर नाही."

*

आम्ही हादरलो. शनिवारी संध्याकाळी पाटणकरांनी करोलबागच्या एका सरदारजी मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "सिंपल है जी! पॉइंट की दो पत्तियों के बीच सिगरेट का पतला कागज रखो, इंजन धीरे घुमाओ. जब पत्ती खुले और कागज छूट जाए, समझो स्पार्क वहीं है."

"कागज आपके यहाँ मिलेगा?"

सरदारजी गरजले, "ओ बाऊजी! मेरी दुकान में सिगरेट?"

सरदारजींना तंबाखू वर्ज्य, हे पाटणकरांना फोन ठेवल्यावर आठवलं.

*

रविवार उजाडला. कबाडीवाल्याचा टेम्पो गेटपाशी येऊन उभा. आमच्यात एकही सिगरेट ओढणारा नाही. वर्तमानपत्र लावून पाहिलं, जाड पडलं. लग्नपत्रिकेतला पारदर्शक कागद फाटला. वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. अजून घोट घेतला नव्हता.

"राहू दे," निकम पाना खाली ठेवत म्हणाले. "ले जाओ भाई." त्यांनी मोटरसायकलकडे पाठ फिरवली.

वहिनींनी कप खाली ठेवला. कनवटीला हात घातला आणि सिगरेटचं पाकीट काढलं! एक सिगरेट बाहेर घेतली, नखानं उभी चिरली, तंबाखू झटकली आणि कागद निकमांपुढे धरला.

"हा पुरेल का बघा."

आम्ही पुढे सरकलो. कबाडीवालासुद्धा टेम्पोतून खाली उतरला. निकमांनी कागद घेतला, पॉइंटमध्ये धरला, इंजिन हळूहळू फिरवलं. कागद अलगद सुटला. त्यांनी स्क्रू आवळला आणि किक मारली.

डग, डग, डग, डग. शांत, एका लयीत.

वहिनींनी सावकाश सगळा चहा प्यायला. कप माझ्या हातात दिला, पाकीट परत कनवटीला खोचलं आणि मागच्या सीटवर बसल्या. "चला, भजनाला उशीर होतोय. मंदिरापर्यंत सोडा."

निकम तोंड उघडं ठेवूनच निघाले. गेटपाशी गाय आडवी आली, ते थांबले, तरी गाडी बंद पडली नाही.

धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. मग पाटणकर हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, पाकीट अर्धं रिकामं होतं."