जानापावचा माथा

भानुमतीच्या पायाला लहानपणापासून भिंगरी. माहेरी धारला किल्ल्याच्या तटावरून ती पळत सुटायची आणि आई खालून शिव्या घालायची. लग्न होऊन इंदूरला आली ती होळकरांच्या रिसाल्यातून निवृत्त झालेल्या आप्पासाहेबांच्या घरी. तिथं सुनेनं पदर सावरून, नजर खाली ठेवून आणि मुख्य म्हणजे सासऱ्यांच्या मागून चालायचं. चाल बदलली, भिंगरी तशीच राहिली. काम नसताना ती गच्चीवर जाऊन यायची, घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. नवरा जयसिंगराव सचिवालयात नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी लोळत पडणं हा त्याचा धर्म, आणि ही बाई एका जागी बसत का नाही, हे त्याला काही केल्या कळत नसे.

तिचा जीव रमायचा तो एका रविवारच्या सहलीत. शाळेत ड्रिल शिकवणारे दिवाकर मास्तर पाऊस सरला की महिन्यातून एकदा मराठी घरांना बाहेर काढत. कधी पातालपाणी, कधी कालाकुंड, आणि थंडीत महूच्या पुढचा जानापावचा डोंगर. पोरंबाळं, म्हातारीकोतारी सगळीच येत, म्हणून मास्तरांनी तीन तुकड्या पाडल्या होत्या. थेट माथ्यापर्यंत जाणारं ते घोडदळ. अर्ध्या वाटेवरून परतणारं ते पायदळ. आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात ते बुणगे. त्यांनी पायथ्याच्या झाडाखाली चूल पेटवायची, चहा उकळायचा आणि डब्यांची राखण करायची. नाव थट्टेचं होतं, कुणी मनावर घेत नसे.

आप्पासाहेब बुणग्यांत होते. ज्या माणसाची जवानी घोड्याच्या पाठीवर गेली, तो पातेल्यापाशी बसून साखर मोजायचा. गुडघा दुखतो म्हणाले, विषय संपला. आणि सासरे बसतील तिथं सून. चार-पाच वर्षं भानुमती त्या झाडाखाली कांदे चिरत होती आणि वर चढत जाणाऱ्यांकडे बघत होती. तक्रार तरी कशी करणार? भाऊबंदांनी नाकं मुरडली तरी तिला घराबाहेर आणलं होतं ते आप्पासाहेबांनीच.

मग नवा मध्यप्रदेश झाला आणि इंदूरच्या कचेऱ्या एकामागून एक भोपाळला निघाल्या. जयसिंगरावाचाही हुकूम आला. संक्रांत झाली की बिऱ्हाड हलवायचं होतं. आप्पासाहेबांनी आपण इंदूर सोडणार नाही असं एकदा सांगितलं, आणि त्यांना दुसऱ्यांदा विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. म्हणजे या खेपेचं जानापाव शेवटचं.

त्या दिवशी घोडदळ वर गेलं, पायदळ गेलं. भानुमतीनं एकच पातेलं तीनदा विसळलं. बसली, उठली, लाकडं उगाच पुढं-मागं केली. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. शेवटी ती आप्पासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामासाहेब, मला वर जायचंय."

आप्पासाहेब बघतच राहिले. दम लागेल, असं ते म्हणाले. आपल्याला जन्मात कधी दम लागला नाही, असं तिनं सांगितलं.

"मग पहिल्या साली तुम्ही सारख्या मागं का पडत होता, सूनबाई?"

"तुमच्या पुढं कशी चालणार?"

मग दोघांच्या बोलण्यातून सगळं उलगडत गेलं. पहिल्या साली असं झालं होतं की आप्पासाहेब झपाझप चढत होते आणि ती रिवाजाप्रमाणं चार पावलं मागं. सुनेला झेपत नाही असं वाटून त्यांनी चाल मंद केली. अंतर राखायला तिनं आणखी मंद केली. ते थांबले, तीही थांबली, आणि माथा दोघांचाही राहून गेला. पोरीची चारचौघांत शोभा नको, म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःचा गुडघा पुढं केला आणि बुणग्यांत जाऊन बसले. गुडघा तेव्हा ठणठणीत होता. दोन धडधाकट माणसं निव्वळ अदबीपायी वर्षानुवर्षं झाडाखाली! भानुमतीला राग आला, स्वतःचा, त्यांचा, सगळ्या रीतीरिवाजांचा; आणि ज्या माणसानं तिच्यासाठी बुणगा म्हणवून घेतलं, त्याची मायाही आली.

"चलो," म्हणत आप्पासाहेब काठी घेऊन उठले.

अर्धी वाट त्यांनी हट्टानं काढली. मग एका धोंड्यावर बसले आणि गुडघा दाबत कसनुसं हसले. "खोटं बोललो होतो ते यानं ऐकलं बघा. आता खरंच चढवत नाही, भई."

भानुमती सवयीनं मागंच थांबली होती. आप्पासाहेब उठले आणि वाट सोडून बाजूला झाले.

"आमच्यासाठी थांबायचं नाही. हुकूम समजा. पुढं व्हा."

तिनं पदर कमरेला खोचला आणि त्यांना ओलांडून पळत सुटली. माथ्यावर वारा होता, कुंड होतं, दूर महूच्या बराकी, आणि दुसऱ्या अंगाला डोंगरामागं डोंगर. घोडदळ उतरायच्या तयारीत होतं. मास्तर बसा म्हणाले, ती बसली नाही. चारही बाजू डोळ्यांत भरून घेतल्या आणि तशीच खाली आली.

आप्पासाहेब त्याच धोंड्याशी उभे होते. काय दिसलं ते त्यांनी खोदखोदून विचारलं, कारण तो माथा त्यांनीही कधी पाहिला नव्हता. सांगता सांगता ती म्हणाली, भोपाळलाही टेकड्या आहेत म्हणतात, चला ना आमच्याबरोबर. त्यांनी नुसती मान हलवली, आणि ते उत्तर बदलणारं नव्हतं.

उतरताना त्यांनी तिला पुढं घातलं. मागचा काठीचा आवाज जरा लांब गेला की तिची पावलं आपोआप मंदावत.

"सूनबाई," मागून आवाज आला, "पुन्हा तेच करताय."

ती रडत होती, म्हणून तिनं वळून पाहिलं नाही. पण पाय मात्र उचलले.